परीक्षेची घटका आणि ख्रिस्ती मंडळी

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी आगगाडी मुदखेड सोडून पुढें गेली म्हणजे भोकरचें स्टेशन लागतें. तालुक्याचें गांव, भोंवतीं कापूस, सोयाबीन आणि ज्वारीचीं शेतें, आणखी पुढें गेलें कीं तेलंगणाची हद्द. मराठवाड्यांतील अशा गांवीं ख्रिस्ती मंडळी असली तर ती बहुधा मोजक्या घरांची असते. प्रत्येकाचें घर प्रत्येकाला ठाऊक असतें, आणि रविवारच्या उपासनेस कोण आलें व कोण आलें नाहीं, ही वार्ता सोमवारीं बाजारांत पोहोंचलेली असते.

अशा एखाद्या मंडळींत तिशीच्या घरांतील एक तरुण आहे, अशी कल्पना करा. पोटासाठीं तो वर्षांतील आठ महिने पुण्यास किंवा हैदराबादेस राहतो. बायको-मुलें गांवीं असतात. घरीं आला म्हणजे तो उपासनेस येतो, सर्वांबरोबर गीतें म्हणतो. परंतु प्रभुभोजनाची वेळ झाली कीं हळूच उठून बाहेर जातो. पहिल्या महिन्यांत कोणाच्या तें लक्षांत येत नाहीं. दुसऱ्या महिन्यांत सर्वांच्या येतें. तिसऱ्या महिन्यांत कुजबुज सुरू होते, आणि त्याची पत्नी मान खालीं घालून बसूं लागते. तथापि त्याला जाऊन ‘बाबा, तुला काय झालें?’ असें विचारणारा एकही मनुष्य पुढें येत नाहीं. या तरुणासाठीं मंडळीनें काय करावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोत्यांपैकीं पुष्कळजण ख्रिस्ती नसतील. तरीही त्यांनीं हा प्रश्न परका मानूं नये. जेथें जेथें माणसें धर्माच्या नांवानें एकत्र येतात, परस्परांवर विश्वास टाकतात आणि शुद्ध आचरणाची अपेक्षा बाळगतात, तेथें तेथें तो उभा राहतो. मठांतही राहतो, आश्रमांतही राहतो. ख्रिस्ती मंडळीचें उदाहरण घेऊन आपण त्याचा विचार करूं.

प्रथम एका शब्दाकडे पाहूं. मराठी ख्रिस्ती मनुष्य लहानपणापासून जी प्रभूची प्रार्थना म्हणतो, तींत मोहासाठीं ‘परीक्षा’ हा शब्द योजिलेला आहे. हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. शाळेंतील मुलालाही कळतें कीं, परीक्षेस बसणें ही एक गोष्ट आणि नापास होणें ही दुसरी. शुभवर्तमानाप्रमाणें स्वतः येशूची अरण्यांत चाळीस दिवस परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेनें त्याच्या ठिकाणीं कोणतेंही वैगुण्य आलें नाहीं. तेव्हां मनांत कामविकार उठला एवढ्यानेंच मनुष्य भ्रष्ट झाला, असें मानण्यास ख्रिस्ती धर्मांत आधार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, डोंगरावरील प्रवचनांत तर परस्त्रीकडे कामुक दृष्टीनें पाहणेंही मनांतला व्यभिचार म्हटलें आहे. मग त्याची वाट काय? या दोन वचनांचा मेळ घालणें अवघड नाहीं. उन्हाळ्याच्या दिवसांत खळ्याजवळ कडब्याची गंजी रचलेली असते. वाऱ्यानें कोठून तरी ठिणगी उडून येते. तिच्याबद्दल शेतकऱ्याला कोणी दोष देत नाहीं. परंतु ठिणगी पडलेली दिसत असतांही ती विझविण्याऐवजीं तो तिला फुंकर घालीत बसला, तर पुढील आगीचा जाब त्यालाच द्यावा लागेल. मनांत विचार येणें हें ठिणगी पडण्यासारखें आहे; त्याला थारा देणें, त्याचे लाड करणें, त्यासाठीं संधि शोधणें हें फुंकर घालण्यासारखें आहे. मंडळीनें हा भेद स्पष्ट शब्दांत शिकविला पाहिजे. तो न शिकविल्यानें दुहेरी हानि होते. सालस मनुष्य केवळ विचार आला म्हणून स्वतःला पतित समजून निराश होतो. आणि धूर्त मनुष्य, ‘विचार आला तेव्हांच पाप झालें, मग आतां कृति केली तर अधिक काय बिघडलें?’ असा सोयीचा तर्क काढतो.

आतां आमच्याकडे प्रत्यक्ष काय घडतें तें पाहूं. मराठवाड्यांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढला. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली. बीदरच्या बाजूस अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनाचें काम उभें राहिलें. हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. धर्मांतरामुळें ज्यांचा भाऊबंदांशीं संबंध तुटला, त्यांना नवी मंडळी हीच भावकी झाली आणि तीच पंचायत झाली. त्यामुळें एकाची बेअब्रू ही सर्वांची बेअब्रू वाटूं लागली, आणि जुन्या पंचायतीच्या दोन संवयी नव्या घरांत शिरल्या. पहिली संवय झांकण्याची व दुसरी टाकण्याची. जोंवर गोष्ट बाहेर फुटली नाहीं तोंवर ती झांकावयाची, आणि फुटली कीं त्या मनुष्याला टाकून मोकळें व्हावयाचें. या दोहोंच्या मध्यें जें काम असतें, म्हणजे पडण्याच्या आधीं हात धरणें आणि पडल्यावर उचलून उभें करणें, तें मात्र कोणीच करीत नाहीं.

हें मधलें काम कसें असतें याचें मोठें उदाहरण महाराष्ट्रांतच झालें आहे. १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडांत गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडच्या वास्तव्यांत त्यांना लंडनच्या फुलहॅम भागांतील त्याच भगिनींचें कार्य पाहण्यास मिळालें. वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांना तेथें आश्रय देत असत. पूर्वीं त्या गृहांत राहिलेल्या कित्येक स्त्रिया आतां इतक्या पालटल्या होत्या कीं, त्यांनीं आपलें आयुष्य रोग्यांच्या व दुर्बलांच्या सेवेस वाहिलें होतें. ज्यांना समाज कायमच्या मेलेल्या समजतो, त्यांनाच दुसऱ्यांच्या उशापायथ्याशीं बसलेल्या पाहून रमाबाई थक्क झाल्या. भगिनींना ही दया कोठून आली असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना विहिरीजवळ शोमरोनी स्त्रीशीं बोलणाऱ्या ख्रिस्ताची योहानाच्या शुभवर्तमानांतील कथा वाचून दाखविली. आपल्या मनाला या प्रसंगानें कसें वळण लागलें, हें रमाबाईंनीं १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे.

रमाबाईंनीं ही गोष्ट मनांत ठेवली आणि पुढें कृतींत आणली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें. पुढें दुष्काळाच्या काळांत पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १८९६–९७ च्या आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत निराधार मुलींना फसवून नेणारे लोक ठिकठिकाणीं फिरत होते, आणि अनेक मुली त्यांच्या हातीं लागून नासविल्या गेल्या होत्या. अशा मुलींसाठीं व स्त्रियांसाठीं रमाबाईंनीं कृपासदन हा स्वतंत्र विभाग चालविला. त्याच्या नांवांतच त्याचा हेतु सांगितला आहे. तेथें राहणें ही शिक्षा नव्हती. तेथें जेवण होतें, काम होतें, शिक्षण होतें, प्रार्थना होती. आणि मुख्य म्हणजे पुढें कांहीं चांगलें घडेल ही आशा होती. सर्व स्त्रिया स्वतःच्या दोषानें तेथें आलेल्या नव्हत्या. पुष्कळांवर तर अन्यायच झाला होता. परंतु समाजाच्या लेखीं दोघींचीही किंमत सारखीच शून्य होती, आणि रमाबाईंनीं दोघींनाही दार उघडलें.

या उदाहरणापासून पहिला बोध असा मिळतो कीं, पडलेल्याला आपल्या मंडळींत जागा आहे हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. तें पाहिल्यावांचून, परीक्षेच्या घटकेस सांपडलेला मनुष्य तोंड उघडणार नाहीं. भोकरच्या आपल्या कल्पित तरुणानें मंडळींत आजवर काय पाहिलें? एखाद्याचें नांव कमी झालेलें पाहिलें, एखाद्या मुलीचें लग्न मोडलेलें पाहिलें, परंतु परत आलेला मनुष्य पाहिला नाहीं. मग तो कोणत्या भरंवशावर बोलेल?

दुसरा प्रश्न असा कीं, बोलावें कोणाजवळ? येथें मेथॉडिस्ट पंथाच्या आरंभीची एक प्रथा फार उपयुक्त आहे, आणि मराठवाड्यांत मेथॉडिस्ट परंपरेच्या मंडळ्या असल्यामुळें ती आपल्याला परकीही नाहीं. जॉन वेस्ली यांनीं १७३८ च्या डिसेंबरांत लहान गटांसाठीं नियम केले. त्या गटांत थोडीं माणसें आठवड्यांतून एकदां जमत. पुरुषांचे गट निराळे, स्त्रियांचे निराळे. विवाहितांचे निराळे, अविवाहितांचे निराळे. प्रत्येकास कांहीं ठरीव प्रश्न विचारीत असत. गेल्या भेटीनंतर कोणतें पाप घडलें, हा त्यांतील एक प्रश्न होता. आणि कोणत्या परीक्षा आल्या व त्यांतून कशी सुटका झाली, हे प्रश्न त्याच्या जोडीला होते. परीक्षेविषयीं स्वतंत्र प्रश्न असणें, ही यांतील महत्त्वाची गोष्ट होय. त्या गटांत मनुष्याला पडल्यावरच बोलण्याची परवानगी होती असें नाहीं. पाय घसरूं लागला आहे असें सांगण्यासाठींही तेथें दर आठवड्यास राखीव वेळ होता.

आजच्या मंडळीला हें करण्यास इमारत लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. दोन किंवा तीन विश्वासू माणसें, एकाच लिंगाचीं, नेमानें भेटतात आणि ऐकलेलें पोटांत ठेवतात, एवढें पुरे आहे. गुप्तता राखणें ही मात्र यांतील पहिली अट समजावी. प्रार्थनेच्या निमित्तानें दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत उघड करणें हा आमच्याकडील जुना दोष आहे. ‘अमक्या भावासाठीं प्रार्थना करा, तो मोठ्या संकटांत आहे,’ असें सुस्कारा टाकून सांगितलें कीं, प्रार्थनेऐवजीं चर्चाच अधिक होते. कॅथलिक परंपरेंत पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला तें रहस्य कोणत्याही कारणानें फोडतां येत नाहीं, आणि त्या कडकपणामागें शतकांचा अनुभव आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तसा संस्कार नाहीं, म्हणून तेथें व्यक्तीच्या प्रामाणिकपणावरच सर्व भार पडतो.

सार्वजनिक कबुलीबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०५ च्या जूनअखेरीस मुक्तिसदनांत मोठें आत्मिक संजीवन झालें, आणि शेंकडों मुलींनीं अश्रु ढाळीत आपलीं पापें कबूल केलीं, ही गोष्ट इतिहासांत नमूद आहे. अशा प्रसंगाचा मान राखावा. परंतु त्याचा नियम करूं नये. कामविषयक पापांत बहुधा दुसरी व्यक्ति गुंतलेली असते. एकानें भरसभेंत उभें राहून मन मोकळें केलें तर त्याला हलकें वाटेल. परंतु त्याच वेळीं दुसरीचें आयुष्य उद्ध्वस्त होईल. ज्याचें पाप जितक्यांना ठाऊक, तितक्यांपुढें कबुली, असा संयम राखणें इष्ट होय.

आतां परीक्षेंत नापास झालेल्या मनुष्याकडे वळूं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत येशूनें क्रम घालून दिला आहे: प्रथम एकट्यानें एकट्याजवळ जावें, ऐकलें नाहीं तर एकदोघांना बरोबर न्यावें, आणि तेंही निष्फळ झालें तरच मंडळीला सांगावें. आमच्याकडे हा क्रम पुष्कळदां उलटा चालतो. मंडळीला आधीं कळतें, एकदोघे मग जातात, आणि एकट्यानें जाणारा कधींच निघत नाहीं.

शिस्त नको असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. करिंथ येथील मंडळींत एक मनुष्य आपल्या बापाच्या बायकोशीं राहत होता, आणि मंडळी तें निमूटपणें चालूं देत होती. तेव्हां पौलानें त्या मनुष्याला दूर करण्यास कठोर शब्दांत लिहिलें. परंतु त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, शासन झालेल्या एका मनुष्याला आतां क्षमा करा, त्याला धीर द्या, नाहीं तर तो दुःखांत बुडून जाईल, असेंही पौल सांगतो. हा तोच मनुष्य असावा असें मानण्याची जुनी परंपरा आहे. तो असो वा नसो, दोन्ही पत्रें मिळून शिस्त पुरी होते. आमच्या मंडळ्यांनीं पहिलें पत्र पाठ केलें आणि दुसरें बासनांत बांधून ठेवलें. म्हणून एखाद्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावयाचें झाल्यास, तें किती काळ, त्या काळांत त्याला कोण भेटणार, आणि परत घेण्याचा दिवस कसा ठरणार, या तीन गोष्टी त्याच बैठकींत ठरवाव्या. मुदत नसलेली शिस्त म्हणजे बहिष्कारच होय.

शिस्तींत समता असावी हेंही तितकेंच अगत्याचें आहे. १८६९ च्या इंडियन डायव्होर्स ॲक्टाप्रमाणें ख्रिस्ती नवऱ्याला केवळ बायकोच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागतां येई. परंतु बायकोला नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षांचा परित्याग किंवा तसेंच दुसरें कारण दाखवावें लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १९९७ सालीं हा भेद घटनाविरुद्ध ठरविला, आणि २००१ सालीं संसदेनें कायदाच दुरुस्त केला. म्हणजे सव्वाशेंहून अधिक वर्षें कायद्याच्या पुस्तकांत पुरुषाच्या पापाचें वजन कमी आणि स्त्रीच्या पापाचें अधिक, असें माप चालू होतें. कायद्यांतून तें गेलें. मंडळीच्या मनांतून गेलें कीं नाहीं, हें प्रत्येक मंडळीनें आपल्या जुन्या नोंदींवरून पडताळून पाहावें. एकाच दोषासाठीं मुलीला गांव सोडावें लागलें आणि मुलगा मात्र तरुण संघाचा पुढारी राहिला, अशी नोंद आढळली, तर तेथें शिस्त झाली असें म्हणतां येणार नाहीं.

श्रोतेहो, येथवर आपण परीक्षा आणि पतन या दोन गोष्टींचा विचार केला. तिसरी गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे, आणि तिची गल्लत झाल्यामुळें जगभर मंडळ्यांची मोठी नाचक्की झाली आहे. ती म्हणजे अत्याचार. दोन प्रौढ माणसांनीं संमतीनें केलेला व्यभिचार हा आतां सरकारी गुन्हा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१८ रोजीं दंडसंहितेचें ४९७ वें कलम रद्द केलें. त्याचा विचार कुटुंबानें व मंडळीनें करावयाचा आहे. परंतु अठरा वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला कोणी हात लावला, तर तो विषय मंडळीच्या क्षमेचा राहत नाहीं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचें बंधन आहे, आणि न कळविणें हाही गुन्हा आहे. तेव्हां पाळकानें किंवा वडिलांनीं ‘आपण घरांतच मिटवूं’ असें म्हणणें धर्मालाही सोडून आहे आणि कायद्यालाही. मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तो शब्बाथशाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावून ठेवावा.

नोकरीच्या ठिकाणीं स्त्रियांच्या छळाबद्दल १९९७ चा विशाखा निर्णय आणि त्यावरून झालेला २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसें काम करीत असलेल्या संस्थेंत अंतर्गत समिति असलीच पाहिजे. मिशनच्या शाळा व दवाखाने यांतून सुटलेले नाहींत. जेथें माणसें दहापेक्षां कमी, तेथील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें.

अधिकाराचा मोह किती खोल जातो याचें एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मद्रास येथें १९४६ सालीं जन्मलेले रवि झकरायस हे जगप्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते झाले. मे २०२० मध्यें ते वारले. त्यांच्याविरुद्ध त्यांच्या हयातींतच तक्रार झाली होती. परंतु संस्थेनें ती मानली नाहीं. पुढें त्याच संस्थेनें नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांनीं अनेक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचें उघड झालें. मोठ्या माणसाला प्रश्न विचारण्याची कोणाची छाती झाली नाहीं, आणि त्याची किंमत त्या स्त्रियांनीं भरली. लहान गांवांतही पाळक, शिक्षक, वसतिगृहाचा चालक हे आपापल्या जागीं मोठेच असतात. म्हणून ज्याच्या हातीं अधिकार आहे त्याला प्रश्न विचारणारीं माणसें आधींच नेमून ठेवलीं पाहिजेत.

याच हेतूनें पुढाऱ्यांनीं स्वतःला कुंपण घालून घेण्याचा एक प्रयोग अमेरिकेंत झाला. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील मोडेस्टो येथें बिली ग्रॅहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं नियम ठरविले. परस्त्रीबरोबर एकट्यानें प्रवास, भोजन किंवा भेट टाळावी, हा त्यांतील एक. या नियमाचा हेतु चांगला होता; परंतु तो अक्षरशः पाळतांना एक दोष शिरतो. स्त्री म्हणजे संकट अशी भावना होते, आणि पाळकापाशीं आपलें दुःख सांगण्याचा तिचा मार्गच बंद होतो. भेट व्हावी, पण दार उघडें असावें, हांकेच्या अंतरावर कोणीतरी असावें, आणि स्त्रियांचें ऐकण्यासाठीं मंडळींत एखादी जाणती स्त्री नेमलेली असावी. एवढ्यानें कुंपणही राहतें आणि वाटही राहते.

आतां कांहीं साध्या उपायांकडे येऊं. पौल करिंथकरांना सांगतो कीं, नवराबायकोंनीं परस्परांपासून फार काळ दूर राहूं नये, कारण तेथेंच परीक्षा येते. नांदेड, बीड, लातूर या भागांतून कामासाठीं बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना हा सल्ला किती लागू आहे! मंडळीला पोटाचा प्रश्न एकटीनें सोडवितां येणार नाहीं. परंतु पुण्यास किंवा हैदराबादेस गेलेल्या मनुष्यासाठीं तेथील पाळकाला एक पत्र लिहितां येईल. त्याला रविवारीं जेवावयास बोलावणारें एक घर शोधून देतां येईल. आणि शक्य असेल तेथें कुटुंब बरोबर नेण्यासाठीं खोलीच्या अनामत रकमेची मदत करतां येईल. एकटेपणाच्या संध्याकाळींच मोहाला अधिक फावतें, हें कोणीही एकटें राहिलेला मनुष्य सांगेल.

दुसरें संकट खिशांत असतें. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झालें, आणि पूर्वीं जें पाहण्यासाठीं लपूनछपून शहरांत जावें लागे, तें आतां शेतांत बसल्या जागीं दिसूं लागलें. यावर नुसतें व्याख्यान पुरत नाहीं. रात्रीं फोन घरांत एका ठरीव जागीं सर्वांचे एकत्र ठेवावे, आणि हा नियम मुलांच्या आधीं वडिलांनीं पाळावा. तरुणांना विवाह, शरीर आणि संयम यांविषयीं स्वच्छ शब्दांत शिकवावें. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतांत विवाहापूर्वीं जोडप्यांसाठीं तयारीचे वर्ग असतात. लहान मंडळ्यांनाही दोन-तीन गांवांनीं मिळून तसें करतां येईल. ज्या विषयावर मंडळी बोलत नाहीं, तो विषय मुलें फोनपासून शिकतात.

शेवटीं आपण भोकरच्या त्या तरुणाकडे परत जाऊं. मंडळींतील एखाद्या वडील माणसानें सायंकाळीं त्याला फिरावयास बरोबर न्यावें. घरीं, बायकोच्या देखत, विचारूं नये. ‘तूं उठून जातोस तें मीं पाहिलें. मला तुझी काळजी वाटते,’ एवढेंच म्हणावें आणि मग गप्प राहावें. तो त्या दिवशीं बोलेल असें नाहीं. कदाचित् तिसऱ्या खेपेस बोलेल. केवळ मनाची ओढाताण असेल, तर त्याला सांगावें कीं हें पतन नव्हे, आणि दर आठवड्यास फोन करून विचारपूस करावी. प्रत्यक्ष पतन झालें असेल, तर तें संपविण्यास त्याला साहाय्य करावें, आणि पत्नीपासून लपवूं नये असें प्रेमानें पण निक्षून सांगावें. कारण तिच्या आरोग्याचाही त्यांत प्रश्न आहे. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत होते; तेथें त्याच्याबरोबर जावें. आणि पत्नीजवळ एखादी जाणती स्त्री बसवावी. क्षमा करणें हा तिचा अधिकार आहे. धर्माच्या नांवानें ती तिच्याकडून वसूल करण्याचा अधिकार मंडळीला नाहीं. तिला वेळ हवा असेल, रडावयाचें असेल, रागवावयाचें असेल, तर तेंही मंडळीनें सोसावें.

यांतील एकही काम मोठ्या विद्वानाचें नाहीं. सर्वांना थोडें धैर्य लागतें, तोंडाला थोडा लगाम लागतो, आणि आपणही कालपरवां परीक्षेंत सांपडलों होतों याची आठवण लागते. ही आठवण ज्या मंडळीला असेल, तिच्यांतून बाहेर जाणाऱ्या तरुणाच्या मागें कोणीतरी उठून जाईल. आणि कांहीं महिन्यांनीं प्रभुभोजनाच्या वेळीं तो आपल्या जागीं, आपल्या पत्नीशेजारीं, बसलेला दिसण्याचा संभव तरी राहील.